सांधा वाचवणारे शल्यचिकित्सक नेमके काय करतात? भावाच्या गुडघ्यासाठी सल्ला हवा आहे

उमरेडची_लेक

सर्वांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा असून उमरेड तालुक्यातील एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. महाविद्यालयात असताना कबड्डी खेळताना त्याचा उजवा गुडघा पिळला गेला होता आणि त्या वेळी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून आतल्या बाजूच्या फाटलेल्या मेनिस्कसचा (सांध्यातील गादीचा) बराचसा भाग काढून टाकण्यात आला. त्यानंतर अनेक वर्षे तो व्यवस्थित खेळला, धावला. गेल्या वर्षभरापासून मात्र गुडघ्याची आतली बाजू दुखते, मुलांचा सराव घेऊन आला की संध्याकाळी गुडघा सुजतो, आणि रामटेकच्या गडावर गेलो असता पायऱ्या उतरताना त्याला कठड्याचा आधार घ्यावा लागला.

एमआरआयच्या अहवालानुसार मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, आतल्या बाजूला, कूर्चेत (हाडाच्या टोकावरील गुळगुळीत आवरणात) सुमारे तीन चौरस सेंटिमीटरचा खड्डा पडला असून तो थेट हाडापर्यंत पोचला आहे. आम्ही तीन ठिकाणी दाखवले. पहिल्या डॉक्टरांनी सांगितले की गोळ्या घेऊन दिवस काढा आणि पन्नाशीनंतर सांधा बदलून घ्या. दुसऱ्यांनी पीआरपीच्या, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाच्या, इंजेक्शनांचा संच सुचवला. तिसऱ्यांनी त्याच्याच कूर्चेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या खड्ड्यात भरण्याचा सल्ला दिला, आणि तो खर्च ऐकून घरात सगळेच गप्प झाले.

कूर्चेची दुरुस्ती आणि मूळ सांधा टिकवणे यातच विशेष काम करणारे अस्थिशल्यचिकित्सक असतात, असे ऐकले आहे. ते इतरांपेक्षा वेगळे काय करतात, त्यांच्याकडे कोणत्या रुग्णाने जावे, आणि नागपुरात हे उपचार होतात की मुंबई-पुण्याला जावे लागेल, याविषयी जाणकारांनी आणि अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

फुटाळ्याचा_धावक

ताई, छत्तीसाव्या वर्षी "पन्नाशीची वाट पाहा" हे उत्तर मला मान्य नाही. मला साधारण याच वयात याच जागी त्रास सुरू झाला होता, परंतु माझा खड्डा लहान होता, एक चौरस सेंटिमीटरच्या आसपास. माझ्यावर मायक्रोफ्रॅक्चर नावाची शस्त्रक्रिया झाली. दुर्बिणीतून खड्ड्याचा तळ स्वच्छ करतात, त्याच्या कडा सरळ उभ्या करून घेतात आणि मग एका टोकदार अवजाराने हाडात तीन-चार मिलिमीटरच्या अंतरावर बारीक छिद्रे पाडतात. त्या छिद्रांतून अस्थिमज्जेचे रक्त वर येते, त्याची गुठळी खड्ड्यात धरते आणि तिच्यातून हळूहळू नवा थर तयार होतो.

ऑपरेशन छोटे असले तरी नंतरची शिस्त कठीण आहे. जवळजवळ दीड महिना मला त्या पायावर भार टाकण्याची परवानगी नव्हती, आणि त्याच काळात गुडघा हलता राहावा म्हणून दिवसातून अनेक तास यंत्रावर पाय ठेवून तो सावकाश वाकवावा लागे. आज मी फुटाळ्याला आणि सेमिनरी हिल्सला नियमित धावतो. आपल्या भावानेही प्रथम हाच साधा आणि कमी खर्चाचा मार्ग विचारात घ्यावा, असे मला वाटते.

अस्थिवेध

मी अस्थिशल्यचिकित्सक असून बराच काळ वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले आहे. आता शस्त्रक्रिया करत नाही, त्यामुळे कोणताही उपचार सुचवण्यात माझा स्वार्थ नाही. अहवाल आणि रुग्ण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निर्णय देणे योग्य नव्हे, तरीही विचार कसा करावा हे सांगू शकतो.

सांध्यातील कूर्चा दोन ते चार मिलिमीटर जाडीची असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. म्हणूनच त्वचेची किंवा हाडाची जखम जशी भरते तशी तिची जखम भरत नाही, आणि म्हणूनच इजा बरीच वाढेपर्यंत रुग्णाला वेदनाही होत नाही. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लिहून ठेवले होते की एकदा नष्ट झालेली कूर्चा पूर्ववत होत नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांतील या शाखेचे सगळे काम या एका अडचणीभोवती फिरते.

धावक यांनी सांगितलेली पद्धत अमेरिकेतील रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकात रूढ केली. तिच्यातून जो थर तयार होतो तो तंतुमय असतो. मूळ काचेसारखी गुळगुळीत कूर्चा वेगळ्या प्रकारच्या कोलॅजनची (तंतुमय प्रथिनाची) बनलेली असते आणि दाब सहन करण्याची तिची क्षमता या नव्या थरात येत नाही. लहान खड्ड्यात, तरुण रुग्णात, हा थर चांगले काम देतो. परंतु दोन चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्ड्यात सुरुवातीचा आराम दोन ते पाच वर्षांत ओसरताना दिसतो, आणि हाडाचा तळ एकदा छिद्रे पाडून बदलला की पुढे पेशी-रोपण करायचे ठरल्यास त्याच्या यशावरही परिणाम होऊ शकतो. म्हणून तीन चौरस सेंटिमीटरसाठी, केवळ स्वस्त आहे या कारणाने, मी मायक्रोफ्रॅक्चरकडे वळणार नाही.

पेशी-रोपणाची पद्धत स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. पहिल्या रुग्णावर ती १९८७ मध्ये झाली आणि १९९४ मध्ये २३ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सांध्याच्या कमी भार येणाऱ्या जागेतून कूर्चेचा छोटा तुकडा घेतात, काही आठवडे प्रयोगशाळेत त्यातील पेशी वाढवतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खड्ड्यात बसवतात. त्या २३ जणांतील बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. मांडीच्या हाडावर रोपण झालेल्या १६ पैकी १४ जणांचा निकाल चांगला किंवा उत्तम होता, मात्र गुडघ्याच्या वाटीवर रोपण झालेल्या सात जणांपैकी दोघांचाच. वाटी ज्या रुळावरून सरकते तो रूळच तिरका असेल तर वर नव्या पेशी बसवून उपयोग होत नाही, हे पुढे स्पष्ट होत गेले, आणि वाटीची सरकण सुधारून रोपण करू लागल्यावर निकालही सुधारले.

म्हणून उमरेडच्या ताईंना माझा एकच प्रश्न आहे. तीनपैकी कोणत्या डॉक्टरांनी भावाला उभे करून, खुब्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांचा संपूर्ण एक्स-रे काढायला सांगितला?

उमरेडची_लेक

डॉक्टरसाहेब, आपण इतके सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. असा एक्स-रे कोणीही सांगितला नाही. गुडघ्याचे साधे एक्स-रे झाले, तेही झोपवून काढलेले, आणि एमआरआय. भावाचे दोन्ही पाय लहानपणापासून किंचित धनुष्याकृती आहेत हे घरात सर्वांना माहीत आहे, पण त्याचा या दुखण्याशी संबंध असेल असे आम्हाला वाटले नव्हते.

क्षकिरण

मी रेडिओलॉजी विभागात तंत्रज्ञ आहे. आपल्याकडे या तपासणीला स्कॅनोग्राम म्हणतात आणि नागपुरातील अनेक मोठ्या केंद्रांत ती होते. एमआरआयच्या तुलनेत ती पुष्कळ स्वस्त आहे. काढून घेताना इतकेच पाहा की रुग्ण दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा असेल आणि गुडघ्यांच्या वाट्या समोर असतील. पाय किंचित बाहेर वळवून उभे राहिले तरी कोन चुकीचा दिसतो, आणि ज्या कोनावर शस्त्रक्रियेचा निर्णय व्हायचा तोच चुकला तर पुढचे सगळे चुकते. तंत्रज्ञ घाई करत असेल तर त्याला थांबवून पुन्हा नीट उभे करायला सांगण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन हाडांमधील अंतर खरे असते त्यापेक्षा मोकळे दिसते, कारण सांध्यावर शरीराचे वजनच आलेले नसते. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी चिठ्ठ्यांवर आजही "उभे राहून" हे दोन शब्द लिहिलेले नसतात, याची मला खंत वाटते.

वैनगंगाकाठ

मी भंडाऱ्याचा. डॉक्टरसाहेबांचा मुद्दा आमच्या भाषेत सांगायचा तर धुरा (बांध) फुटलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पुन्हा रोवणी करून उपयोग नाही, आधी धुरा बांधावा लागतो.

मात्र या धाग्यावर सांधा बदलण्याविषयी एक भीती निर्माण होऊ नये, म्हणून आईविषयी लिहितो. तिचे सारे आयुष्य धानाच्या चिखलात वाकून रोवणी करण्यात गेले. त्रेसष्टाव्या वर्षी तिचे दोन्ही गुडघे पूर्ण झिजले होते, रात्री झोप लागत नव्हती आणि अंगणापलीकडे जाणे बंद झाले होते. एका ठिकाणी तिला "कूर्चा पुन्हा वाढवून देऊ" असे सांगून बरीच मोठी रक्कम सांगण्यात आली. सुदैवाने आम्ही दुसरे मत घेतले. त्या सर्जननी एक्स-रे आमच्यासमोर धरून दाखवले की वरच्या आणि खालच्या दोन्ही हाडांवर कूर्चा शिल्लकच नाही, आणि अशा सांध्यात पेशी-रोपण करू नये. दोन्ही गुडघे बदलले. आज ती देवळात जाते, बाजारात जाते. खाली मांडी घालून बसत नाही, एवढेच. ज्याचा सांधा वाचण्यासारखा आहे त्याचा वाचवावा, पण ज्याचा संपला आहे त्याला आशेवर ठेवून पैसे घेणे हा अन्याय आहे.

अस्थिवेध

वैनगंगाकाठ यांच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. सांधा वाचवणाऱ्या शल्यचिकित्सकाची पारख मी त्याने किती रुग्णांना "ही शस्त्रक्रिया तुमच्यासाठी नाही" असे सांगितले यावरून करतो. समोरासमोरच्या दोन्ही पृष्ठभागांवरील कूर्चा गेलेली असणे, आमवातासारखा दाहक आजार असणे, लिगामेंट (हाडांना जोडणारे बंध) सैल असणे, पायाचा अक्ष वाकडा असून तो दुरुस्त न करणे, या परिस्थितीत नुसते कूर्चा-रोपण टिकत नाही. लिगामेंट आणि अक्ष यांची दुरुस्ती आधी किंवा त्याच वेळी करता येते. पहिल्या दोन गोष्टींवर मात्र रोपण हा उपाय नाही.

हिशेबनीस

मला खर्चाविषयी लिहायचे आहे, कारण मध्यमवर्गीय घरात निर्णय शेवटी तिथेच अडतो. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा जीएसटी वगळून ५४,७२० रुपये ठरली होती. त्यापूर्वी याच सांध्यासाठी रुग्णाकडून लाख-दीड लाखही घेतले जात. पेशी-रोपणाच्या खर्चाला मात्र असा लगाम असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्यामुळे अंदाजपत्रक मागताना दोन्ही शस्त्रक्रियांचे, प्रयोगशाळेचे आणि नंतरच्या फिजिओथेरपीचे आकडे वेगवेगळे लिहून मागावेत, आणि विमा कंपनीकडून आधीच लेखी विचारून घ्यावे की पेशी-रोपण त्यांच्या अटींत बसते की ते प्रायोगिक म्हणून नाकारले जाईल.

जुना_बर्डीकर

पीआरपीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. माझे वय ५८, झीज मध्यम. इंजेक्शनांनंतर काही महिने मला निश्चित बरे वाटले. नंतर दुखणे परत आले. डॉक्टरसाहेबांचे यावर काय मत आहे? आणि बाजारात मिळणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर?

अस्थिवेध

आपल्याला आराम मिळाला हे खरे आहे आणि तो मी नाकारत नाही. परंतु २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना साधे मिठाचे पाणी टोचले गेले. कोणाला काय दिले हे रुग्णांना माहीत नव्हते. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या वेदनेत आणि कूर्चेच्या झिजेत लक्षणीय फरक आढळला नाही. काही लहान अभ्यासांचे निष्कर्ष अधिक अनुकूल आहेत, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही, पण पीआरपीने हाडापर्यंत गेलेला खड्डा भरून येतो असे म्हणायला आधार नाही. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉयटिनची अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले आणि एकूण रुग्णांत या गोळ्या निष्क्रिय गोळीपेक्षा लक्षणीयरीत्या सरस ठरल्या नाहीत.

हीच कसोटी आम्ही शस्त्रक्रियेलाही लावली पाहिजे. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून नुसती "सफाई" करण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. २००२ मध्ये अमेरिकेत १८० रुग्णांवरील चाचणीत काहींना केवळ त्वचेवर छेद देऊन परत पाठवले गेले, आणि त्यांची प्रगती खरी सफाई झालेल्यांइतकीच होती.

धंतोली_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि कूर्चेच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण पाहते. शस्त्रक्रियेविषयी सगळे विचारतात, पुनर्वसनाविषयी फार थोडे. पेशी-रोपणानंतर पहिले सहा आठवडे भार नियंत्रित असतो आणि खेळाकडे परतायला वर्ष किंवा अधिक काळ लागतो. शाळेची नोकरी सांभाळणाऱ्याने ही रजा आधी मोजून घ्यावी.

शस्त्रक्रिया ठरली असो वा नसो, मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद आजपासून वाढवायला हवी. पाठीवर झोपून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, तो गुडघ्याने खाली दाबायचा, मांडी घट्ट झाली की पाच आकडे मोजायचे आणि सैल सोडायचे. पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक रुग्णांत दुखऱ्या बाजूचा स्नायू दाबल्यावर पिठासारखा मऊ लागतो, आणि वाटीच्या वरच्या आतल्या कोपऱ्यात खळगा दिसतो. तो खळगा भरून येऊ लागला की जिना उतरताना होणारी वेदनाही कमी होऊ लागते. वजनाचेही तसेच आहे. स्थूल रुग्णांवरील अभ्यासात शरीराचे वजन एक किलो घटल्यावर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटलेला आढळला आहे.

गोंडवन

विषय गुडघ्याचा आहे, तरी सांधा वाचवण्याची गोष्ट विदर्भात खुब्यासाठीही तितकीच महत्त्वाची आहे म्हणून लिहितो. माझ्या भाच्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. एकोणिसाव्या वर्षी त्याची जांघ दुखू लागली. "सिकलसेलमध्ये अंग दुखतेच" असे सांगून कित्येक महिने वेदनाशामक गोळ्याच मिळाल्या. एक्स-रे स्वच्छ होता. शेवटी मेडिकलमधील (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील) एका तरुण निवासी डॉक्टरांनी आग्रहाने एमआरआय करवला, तेव्हा खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत होत असल्याचे दिसले. गोळा अजून खचलेला नव्हता, म्हणून हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया करता आली. आधी रक्त चढवावे लागले, सलाइन आणि ऑक्सिजनची विशेष काळजी घ्यावी लागली. सिकलसेल असलेल्या घरांना माझी कळकळीची विनंती आहे की जांघेचे दुखणे टिकून राहिले तर स्वच्छ एक्स-रेवर समाधान मानू नका.

अस्थिवेध

गोंडवन यांची विनंती प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे. या आजारात एमआरआयमध्ये दिसणारा बदल एक्स-रेमध्ये पुष्कळ नंतर दिसतो, आणि गोळा खचण्यापूर्वीचे जे थोडे महिने हाती असतात तेवढ्यातच सांधा वाचवता येतो. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांना आणि अति मद्यपान करणाऱ्यांनाही हाच धोका असतो.

फुटाळ्याचा_धावक

डॉक्टरसाहेबांचा मायक्रोफ्रॅक्चरविषयीचा आक्षेप मी समजू शकतो, पण माझा गुडघा आजही उत्तम आहे. प्रत्येकाला लाखोंचे पेशी-रोपण परवडत नाही, आणि ग्रामीण रुग्णाला परवडणारा मार्ग सरसकट बाद ठरवू नये. शिवाय एक विचारायचे आहे. शहरात "स्टेम सेलने गुडघा नवा" अशा जाहिराती दिसतात. त्या आणि आपण सांगता ते पेशी-रोपण एकच का?

अस्थिवेध

मी ती पद्धत बाद ठरवलेली नाही. आपला खड्डा लहान होता आणि आपली निवड योग्य होती. मध्यम आकारासाठी आणखी एक मार्ग आहे, ज्यात रुग्णाच्याच गुडघ्याच्या कमी भाराच्या जागेतून कूर्चेसह हाडाचे छोटे दंडगोल काढून खड्ड्यात शेजारी शेजारी बसवतात. हंगेरीच्या लास्लो हांगोडी यांनी तो १९९० च्या दशकात पुढे आणला. त्यात प्रयोगशाळेचा खर्च नाही आणि काम एका शस्त्रक्रियेत होते, मात्र जिथून दंडगोल काढले ती जागा काही रुग्णांना दुखते.

जाहिरातींतील गोष्ट वेगळी आहे. पेशी-रोपणात कूर्चेच्याच पक्व पेशी वापरतात. स्टेम सेलविषयी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारे रोपण वगळता स्टेम सेलचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा. तेव्हा "आपल्याकडे औषध नियंत्रकांची मान्यता आहे का, की मी चाचणीतील रुग्ण आहे?" हे विचारा. चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक असतो, आणि सहभागाबद्दल रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत.

व्यवस्थापक

काही सदस्यांनी डॉक्टरांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक लिहिले होते. धोरणानुसार ते काढले आहेत. व्यक्तिगत संदेशातून विचारावे.

उमरेडची_लेक

सर्वांना पुन्हा नमस्कार. मधल्या काळात स्कॅनोग्राम झाला. क्षकिरण यांची सूचना भावाला वाचून दाखवली होती, त्यामुळे वाट्या समोर ठेवून नीट उभे राहायचे हे त्याने स्वतःच तंत्रज्ञांना सांगितले. मग नागपुरातच, सांधा वाचवण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका सर्जनना दाखवले.

त्यांनी आधी एमआरआय बाजूला ठेवला. भावाला अनवाणी चालायला लावले, एका पायावर उभे केले, लिगामेंट तपासले. मग संगणकावर खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेषा ओढून दाखवली. ती गुडघ्याच्या मध्याजवळून जायला हवी होती, पण ती पार आतल्या कडेजवळून जात होती. पूर्वी मेनिस्कस काढल्याने आतल्या बाजूची गादी गेलेली आणि त्यात पायाचा बाक, त्यामुळे प्रत्येक पावलाचा भार त्याच खड्ड्यावर पडतो, असे त्यांनी समजावले. मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यात असे बदल होतात हे फेअरबँक नावाच्या सर्जननी १९४८ मध्येच नोंदवले होते, असेही ते म्हणाले.

त्यांचा सल्ला असा आहे की नडगीच्या हाडाला गुडघ्याखाली आतल्या बाजूने छेद देऊन ते ठरावीक कोनात उघडायचे आणि पट्टी-स्क्रूंनी पक्के करायचे, म्हणजे भाराची रेषा बाहेरच्या निरोगी भागाकडे सरकेल. त्याच वेळी दुर्बिणीतून खड्डा पाहून त्याच्या सैल कडा काढायच्या. पेशी-रोपण आत्ता नाही, भार हलल्यावरही त्रास राहिला तरच. त्यांनी दहा वर्षे किंवा अधिक काळ सांधा टिकण्याची चांगली शक्यता सांगितली, खात्री दिली नाही, आणि मला ते प्रामाणिक वाटले.

शस्त्रक्रियेची तारीख मात्र त्यांनी दिली नाही. भाऊ खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खातो. तो पूर्ण सुटल्याशिवाय हाड कापणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. खर्ऱ्याचा हाडाशी इतका संबंध असतो का, असे भाऊ विचारतो आहे.

अस्थिवेध

सर्जनांची योजना मला योग्य वाटते. शस्त्रक्रियेपूर्वी कोन मोजून घेणे आणि शस्त्रक्रियेदरम्यान क्ष-किरणाखाली रेषा पुन्हा तपासणे या दोन्ही गोष्टी ते करतात का, एवढे विचारून घ्या. कमी उघडले तर भार हलत नाही, जास्त उघडले तर पाय बाहेर झुकतो आणि बाहेरची कूर्चा झिजू लागते.

खर्ऱ्याविषयी भावाला सांगा की निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि उघडलेल्या फटीत नवे हाड तयार होण्यासाठी तोच रक्तपुरवठा लागतो. धूम्रपान करणाऱ्यांत हाड उशिरा जुळण्याचे किंवा न जुळण्याचे प्रमाण अधिक असते, हे पुष्कळ अभ्यासांत दिसले आहे. खर्ऱ्यातील तंबाखूतही तेच निकोटीन आहे. नागपुरात इतकी वर्षे काम केल्यानंतर मला तारीख नाकारणाऱ्या सर्जनविषयी आदर वाटतो, कारण हाड जुळले नाही तर त्रास रुग्णालाच भोगावा लागतो.

वैनगंगाकाठ

ताई, भावाला एकट्याला खर्रा सोडायला सांगू नका. शिक्षकांच्या खोलीतल्या सोबत्यांनाही सांगा की त्याच्यासमोर पुडी उघडू नका. माझ्या चुलतभावाचा खर्रा असाच सुटला. शासकीय दंत महाविद्यालयात तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळते का, तेही विचारून पाहा.

उमरेडची_लेक

सोबत्यांशी बोलते. फिजिओताई, आणखी एक विचारायचे आहे. या शस्त्रक्रियेनंतर त्याला खाली बसता येईल का? गावातील घरात भारतीय पद्धतीचे शौचालय आहे, आणि मैदानावर मुलांसोबत खाली बसल्याशिवाय त्याचे काम होत नाही.

धंतोली_फिजिओ

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. सांधा स्वतःचाच राहत असल्याने हाड पूर्ण जुळल्यावर आणि गुडघा पूर्ण वाकू लागल्यावर बहुतेक रुग्णांना मांडी घालून बसता येते. उकिडवे बसणे मात्र त्या खड्ड्याच्या जागेवर अवलंबून असेल, कारण खोल वाकल्यावर हाडाच्या मागच्या भागावर भार येतो. खड्डा नेमका किती मागे आहे हे सर्जनना विचारा. पहिले तीन महिने तरी कमोडची खुर्ची घरात हवीच. ती शस्त्रक्रियेआधी आणून ठेवा, आणि कुबड्यांवर चालणे, एक पाय टेकवून जिना चढणे-उतरणे याचा सराव भरती होण्यापूर्वीच करून घ्या. दुखऱ्या पायाने नव्याने शिकताना रुग्ण घाबरतो आणि नको तिथे भार टाकतो. चढताना आधी चांगला पाय वरच्या पायरीवर, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय आणि कुबड्या खाली.